मुलाला एकट्यानं लढायला लावू नकोस

अगं, 'पोरांची चिडवाचिडवी चालायचीच' हे तुला आतापर्यंत सगळ्यांनी सांगून झालं असेल. सासूबाईंनी, शेजारच्या काकूंनी, कदाचित वर्गाच्या बाईंनीसुद्धा. घरी नवरा म्हणाला असेल, "त्याला म्हणावं, तूपण दे एक ठेवून." माझं ऐकशील तर यातलं काहीच लेकराला सांगू नकोस. प्राथमिक शाळेत शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. सहा ते दहा वर्षांच्या मुलाला होणारा छळ थांबवणं हे मोठ्यांचं काम आहे. ते त्या मुलावर टाकायचं नाही.

आधी भांडण कुठलं आणि छळ कुठला, ते नीट बघ. दोन पोरं खोडरबरावरून किंवा खिडकीजवळच्या जागेवरून भांडतात, कट्टी घेतात आणि मधल्या सुट्टीत पुन्हा एकमेकांच्या डब्यात हात घालतात. त्यात आपण पडायचं नाही. पण त्रास मुद्दाम दिला जातोय, पुन्हा पुन्हा दिला जातोय आणि दर वेळी हरणारं मूल तेच आहे, तर ते भांडण राहिलं नाही. दान ओल्वेउस या अभ्यासकानं याच खुणा सांगितल्या: जाणूनबुजून, वारंवार आणि ताकद असमान असताना. पाच जणींचा गट एकीकडे आणि एकटी मुलगी दुसरीकडे, हीसुद्धा असमान ताकदच. नॉर्वेमध्ये १९८२ साली तीन मुलांनी जीव दिला, त्यामागे शाळेतला छळ असावा असं पुढे आलं, तेव्हा कुठे १९८३ मध्ये तिथल्या सरकारनं देशभरच्या शाळांत मोहीम काढली. इतकं होईपर्यंत थांबायची आपल्याला गरज नाही.

मूल आपणहून क्वचित सांगतं. तूच लक्ष ठेव. डबा तसाच परत येतोय का, किंवा उलट, घरी आल्यावर मूल अधाशासारखं खातंय का? डबा कुणी हिसकावून खाल्लेला असू शकतो. पेन्सिली, पट्टी, पाण्याची बाटली सारखी 'हरवतेय' का? सोमवारी सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दिवसभर ठणठणीत असतं का? आणखी एक खूण बऱ्याच आयांच्या लक्षात येत नाही. मूल दप्तर टाकून थेट संडास-बाथरूमकडे धावतं आणि बाटलीतलं पाणी तर जेमतेम घोटभर संपलेलं असतं. शाळेच्या स्वच्छतागृहात जायची भीती बसली की मुलं पाणीच पीत नाहीत. कारण सगळं घडतं ते जिथे मोठ्यांची नजर नसते तिथेच: स्वच्छतागृहात, जिन्यावर, मैदानाच्या कडेला, हात धुण्याच्या नळापाशी, व्हॅनच्या मागच्या सीटवर. व्हॅनवाल्या काकांचं लक्ष रस्त्यावर असतं, ते मागे बघणार तरी कसे?

मुली मारत नाहीत म्हणून छळत नाहीत असं समजू नकोस. 'आज हिच्याशी कोणी बोलायचं नाही' हा एक हुकूम आठ वर्षांच्या मुलीचा दिवस संपवायला पुरतो.

आता जरा कडू बोलते. मुलं कशावरून चिडवतात बघ: कातडीचा रंग, जाडी, चष्मा, तोतरं बोलणं, बापाचा धंदा, गावाकडची बोली. ऊसतोडीहून परतलेलं लेकरू चार महिन्यांनी वर्गात येऊन बसतं आणि त्याला वाचता येत नाही म्हणून सगळा वर्ग हसतो. आणि आडनाव. दुसरीतल्या मुलाला आडनावावरून जात ओळखायला कोण शिकवतं? आपणच, जेवताना सहज बोलता बोलता. वर्गात बाईंनी एखाद्याला 'ढ' म्हटलं की बाकीच्यांना परवानाच मिळतो. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. हा कायदा २००९ चा. माझ्या पेशातल्या माणसांना मी हे तोंडावर सांगत आले आहे आणि तुलाही ते वर्गाच्या बाईंना सांगता यायला हवं.

मुलानं सांगितलं, तर ती पहिली संध्याकाळ फार मोलाची असते. गॅस बंद कर आणि त्याच्या शेजारी बस. 'तू काय केलं होतंस?' हा प्रश्न अजिबात विचारू नकोस. त्याच्या कानाला तो 'चूक तुझीच' असा ऐकू येतो. रडू येत असेल तर येऊ दे. 'मुलगा असून रडतोस' हे वाक्य घरातून हद्दपार कर. 'सांगितलंस ते फार बरं केलंस, यात तुझी चूक नाही, आता पुढचं आम्ही बघतो' एवढंच म्हण. तो म्हणेल, 'आई, कुणाला सांगू नकोस ना.' तसं वचन देऊ नकोस, कारण ते तुला पाळता येणार नाही. त्याऐवजी सांग, 'तुला विचारल्याशिवाय, तुला न सांगता काही करणार नाही.' आणि ते पाळ.

उलट मारायला का शिकवायचं नाही? कारण जे मूल एकटं आणि घाबरलेलं आहे, त्याला मारायला लावलं की ते एक तर मार खातं, नाहीतर नेमकं तेव्हाच बाईंच्या नजरेत येऊन गुन्हेगार ठरतं. दुर्लक्ष कर म्हणणंही फसवंच. चष्मा हिसकावून पळणाऱ्याकडे दुर्लक्ष करायचं तरी कसं? मुलाला करता येण्यासारख्या गोष्टी लहान असतात: मोठ्यानं 'नको, थांब' म्हणणं, तिथून निघून माणसं असतील तिकडे जाणं, मोठ्यांना सांगणं. घरी दोन-चार वेळा त्याचं नाटक करून बघा. आवाज सरावानं निघतो.

मग एका वहीत लिहून काढ. तारीख, जागा, कोण, काय केलं, तिथे आणखी कोण होतं. मुलाच्याच शब्दांत लिही. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक अक्षरही टाकू नकोस. दुसऱ्या मुलाच्या आईला फोन करू नकोस आणि शाळेच्या फाटकात त्या मुलाला अडवून दम तर मुळीच देऊ नकोस. तेही आठ वर्षांचंच लेकरू आहे.

वर्गशिक्षिकेला शाळा सुटताना गाठू नकोस. त्या वेळी बिचारी पन्नास पोरं रिक्षांत बसवत असते. वेळ मागून भेट आणि नेमकं विचार: मधल्या सुट्टीत मैदानावर आणि स्वच्छतागृहाजवळ कोण उभं असतं? बसायची जागा बदलता येईल का? व्हॅनमध्ये पुढे बसवता येईल का? आणि आपण पुन्हा कधी भेटायचं? पुढची तारीख घेतल्याशिवाय उठू नकोस. बाई म्हणतील, दोघांना समोरासमोर उभं करून 'सॉरी' म्हणायला लावते. त्याला नम्रपणे नकार दे. ज्याची भीती वाटते त्याच्याशी सगळ्यांदेखत हात मिळवायला लावणं हा मुलाला आणखी एक मार असतो. दोघांशी वेगवेगळं बोलायला सांग.

तेवढ्यानं थांबलं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दे आणि पोच घे. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात, तिथे विषय मांड. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. शाळेत तक्रारपेटी आणि मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे का, ते विचार. त्याच्याही पुढे गटशिक्षणाधिकारी आणि राज्याचा बालहक्क आयोग आहे. जखम झाली असेल, किंवा कुणी कपडे काढणं, नको तिथे हात लावणं असं काही केलं असेल, तर या पायऱ्या चढत बसू नकोस. डॉक्टर, मुख्याध्यापक आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, त्याच दिवशी.

आता बघ्यांबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त आशा त्यांच्याकडून वाटते. कॅनडात टोरांटोच्या शाळांत मैदानावरची मुलं कॅमेऱ्यानं टिपून एक अभ्यास झाला, तो २००१ मध्ये छापून आला. छळाच्या बहुतेक प्रसंगांत इतर मुलं हजर होती, पण मध्ये पडणारी फार थोडी. आणि जेव्हा एखादं मूल मध्ये पडलं, तेव्हा अर्ध्याहून जास्त वेळा दहा सेकंदांत त्रास थांबला. दहा सेकंद गं! फिनलंडमध्ये टुर्कू विद्यापीठानं उभा केलेला 'किवा' हा शाळांचा कार्यक्रम याच बघ्यांवर भर देतो.

म्हणून तुझं मूल सुखात असलं तरी त्याला हे शिकव. हिरो व्हायला सांगू नकोस. मारामारीत उडी घ्यायची नाही. फक्त त्या एकट्या मुलाजवळ जायचं आणि म्हणायचं, 'चल, आमच्यात डबा खायला ये.' हसणाऱ्यांत हसायचं नाही. आणि मोठ्यांना जाऊन सांगायचं. कुणाला तरी वाचवण्यासाठी सांगणं ही चहाडी नाही, हे त्याला तुझ्या तोंडून ऐकू दे.

आणि उद्या शाळेतून फोन आला की तुमचाच मुलगा त्रास देतो, तर? लगेच 'आमचा तसा नाही' म्हणू नकोस. घरी आणून बडवूही नकोस. मोठ्यानं लहानाला मारायचं असतं, हेच त्यातून तो पुन्हा शिकेल. शांतपणे सांग की हे आपल्याकडे चालत नाही. हिसकावलेली वस्तू परत द्यायला लाव, मोडलेली त्याच्या खाऊच्या पैशांतून आणायला लाव. मग घरात बघ: टोपणनावं कोण ठेवतं, कुणाचा आवाज चढतो, त्याला स्वतःला कोण दरडावतं. त्याला वर्गात काहीतरी जबाबदारीचं काम द्यायला बाईंना सांग. शाळेतून काढून टाका, अशी मागणी कुणाच्याही मुलासाठी करू नकोस. काढलेलं मूल दुसऱ्या शाळेत जाऊन तेच करतं.

या आठवड्यात बाईंची वेळ माग. भेटीला बाबांनाही घेऊन जा, एकटी जाऊ नकोस. आणि १०९८ हा नंबर मुलांकडून पाठ करून घे. तो फुकट लागतो, चोवीस तास चालू असतो आणि मूल स्वतःसुद्धा त्यावर बोलू शकतं.