चापड्याची चटणी

परगावी गेलो म्हणजे आपण देवळे पाहतो, बाजार पाहतो. तिथली माणसे काय खातात, तेही पाहतो. काही पदार्थ आपल्याला आवडतात. काही पाहून मात्र आपण नाक मुरडतो. हे नाक मुरडणे बरे की वाईट? आज थोडा विचार करू.

बाजारात काय पाहिले

काही वर्षांपूर्वी आम्ही जगदलपूरला गेलो होतो. हे गाव छत्तीसगड राज्यात, बस्तर भागात आहे. बस्तर आपल्या गडचिरोली जिल्ह्याला लागूनच आहे. जी इंद्रावती नदी आपल्याला भामरागडला दिसते, तीच आधी जगदलपूरजवळून वाहत येते.

त्या दिवशी बाजार होता. मोहाची फुले, चिंच, सुकी मासळी, मातीची मडकी, सारे काही मांडलेले होते. एका कडेला एक बाई बसली होती. तिच्यापुढे पानांचे दोणे होते. दोण्यांत तांबडे तांबडे काही दिसत होते. आम्हांला वाटले, मिरचीची भरड असेल. वाकून पाहिले, तर ती भरड चालत होती!

त्या लाल मुंग्या होत्या. त्यांच्यात पांढरी अंडीही होती.

"बाई, हे काय?" आम्ही विचारले.

"चापडा आहे, बाबा. चटणी करायची."

"गोळा करताना चावत नाहीत का?"

बाई हसली. म्हणाली, "आधी त्या आपल्याला चावतात. मग आपण त्यांना चावतो!"

तिच्याजवळ वाटलेली चटणीही होती. तिने पानाच्या तुकड्यावर थोडी घातली आणि आमच्यापुढे धरली. आमचा हात काही पुढे होईना. बाई आमच्या तोंडाकडे पाहत होती.

एक जुनी गोष्ट

त्या क्षणी आम्हांला एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

आम्ही तेव्हा जंगलाकडच्या एका गावी मास्तर होतो. मधल्या सुट्टीत मुले भाकरी खात बसली होती. एका मुलाने फडके सोडले. त्यात भात होता आणि अशीच लाल मुंग्यांची चटणी होती. बाकीची पोरे ओरडली, "मुंगीखाऊ! मुंगीखाऊ!" आम्ही त्या पोरांना गप्प करायला हवे होते. ते राहिले बाजूला. उलट आम्हीच त्या मुलाला म्हणालो, "असली घाण शाळेत आणू नकोस."

मुलगा काही बोलला नाही. त्याने फडके पुन्हा बांधले. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. आम्ही दोनदा निरोप पाठवला. स्वतः मात्र त्याच्या घरी गेलो नाही. त्याचे लिहिणे-वाचणे तिथेच थांबले. त्याच्या आईने पहाटे उठून वाटलेल्या चटणीला आम्ही घाण म्हटले होते.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणाची शाळा अशाच एखाद्या शब्दामुळे सुटली असेल. म्हणून ही गोष्ट सांगितली.

बाजारातल्या त्या बाईच्या हातून आम्ही पान घेतले. बोटाने चटणी चाखली. आधी आंबट लागली, लिंबासारखी. मागून मिरचीचा झणका आला. आम्ही दुसऱ्यांदा बोट लावले. तेव्हा बाईने नजर काढली आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

या मुंग्या कशा असतात

या मुंग्या जमिनीत राहत नाहीत. आंबा, साल, जांभूळ अशा झाडांवर त्या घर करतात. कोकणात त्यांना हुमले म्हणतात. पुष्कळ मुंग्या मिळून पाने ओढून जवळ आणतात. काही मुंग्या आपल्या लहान अळ्या तोंडात धरतात. अळीच्या तोंडातून रेशमासारखा धागा निघतो. त्या धाग्याने पानाला पान चिकटवतात. झाले घर तयार!

मुंगीच्या अंगात एक आंबट द्रव असतो. ती चावली की आग होते, ती त्यामुळेच. चटणीला आंबटपणाही त्याचाच येतो.

माणसे झाडावर चढतात. घरट्याची फांदी कापून टोपलीत झाडतात. मुंग्या कडकडून चावतात. म्हणून हे काम सोपे नाही. मग मिरची, लसूण, आले, कोथिंबीर, मीठ घालून मुंग्या पाट्यावर वाटतात. बस्स, चटणी झाली.

या मुंग्या झाडावरची कीडही खातात. चीन देशात शेकडो वर्षांपासून लोक संत्र्या-मोसंबीच्या बागांत त्या मुद्दाम सोडत आले आहेत. तेव्हा सगळीच घरटी काढू नयेत. काही राहू द्यावीत. म्हणजे पुढच्या सालीही मिळतात.

आणखी कोण काय खाते

ओडिशात मयूरभंज जिल्हा आहे. तिथेही अशीच चटणी करतात. तिला 'काई' चटणी म्हणतात. जानेवारी 2024 मध्ये तिला सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या नागपूरच्या संत्र्याला जो मान आहे, तोच मान या चटणीला मिळाला.

आसामात एरी जातीचे रेशीम किडे पाळतात. कोषाचे रेशीम घेतात आणि आतला किडा खातात. नागालँडच्या बाजारांत तऱ्हेतऱ्हेच्या अळ्या विकायला असतात. मेक्सिको देशात ओआहाका नावाचा भाग आहे. तिथे नाकतोडे भाजून, मीठ, मिरची, लिंबू लावून खातात. थायलंड देशात हातगाड्यांवर तळलेले रातकिडे मिळतात, आपल्याकडे भजी मिळतात तसे. तिथले शेतकरी रातकिडे पाळतात. हा धंदा तिथे 1998 सालच्या सुमारास सुरू झाला. सुमारे दीड महिन्यात किडे विकण्याजोगे होतात.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने 2013 साली याविषयी मोठा अहवाल काढला. जगात माणसे 1900 हून अधिक जातींचे किडे खातात, असे त्यात म्हटले आहे. डाळीत, अंड्यात जसे अंग भरणारे सत्त्व असते, तसे पुष्कळ किड्यांतही असते.

आपण काय खातो?

कुणी म्हणेल, "छे! आम्ही असले खात नाही."

मग मध कुणी केला? मधमाशीने. ती फुलातला रस पोटात भरून आणते आणि पोळ्यात ओकते. तोच मध आपण देवाच्या पंचामृतात घालतो. कोळंबी आणि खेकडा हे मुंगीचे दूरचे भाऊबंदच. सर्वांचे अंग कवचाचे, पाय सांध्यांचे. समुद्रकाठी लोक ते आवडीने खातात. एकाला जे पक्वान्न, ते दुसऱ्याला नकोसे.

खाताना सांभाळा

परगावी असा पदार्थ पुढे आला, तर या गोष्टी लक्षात ठेवा.

1. जिथे गावची माणसे खातात, तिथेच खा. तळलेला पदार्थ डोळ्यांदेखत तळलेला, गरम असावा. चटणी ताजी वाटलेली असावी.

2. कोळंबी, खेकडा, सुकट खाऊन ज्याच्या अंगावर गांधी उठतात, त्याने किडे खाऊ नयेत. त्याला धाप लागून जिवावरही बेतू शकते.

3. नाकतोड्याचे पंख आणि काटेरी पाय काढून खावे. नाहीतर घशात अडकतात.

4. फवारणी केलेल्या शेतातले किडे कधीही खाऊ नका. मे 2020 मध्ये विदर्भात टोळधाड आली होती. तेव्हा औषध फवारले होते. असे औषध किड्याबरोबर आपल्या पोटात जाते.

5. चापडा खाल्ला की ताप उतरतो, असे काही लोक म्हणतात. त्या भरवशावर राहू नका. जंगलभागात हिवताप फार. ताप आला की लगेच दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या आणि गोळ्या पूर्ण घ्या. चटणी हे खाणे आहे, औषध नव्हे.

नको असेल तर

आता, खायलाच हवे असे नाही. कुणाचा धर्म आड येतो, कुणाचे मन घेत नाही. हरकत नाही. हात जोडून म्हणावे, "आम्ही हे खात नाही, बाई." एवढे पुरे. पण 'शी' म्हणू नये, तोंड वाकडे करू नये. ते खाणे कुणाच्या तरी आईच्या हातचे असते.

आम्ही आता शाळेत नाही. पण आमच्या घरी कुणाचे मूल जेवायला बसले आणि त्याने आपले फडके सोडले, तर आम्ही आधी विचारतो, "काय आणले रे आईने?" मग म्हणतो, "आम्हांला थोडे दे."

सांगा पाहू

1. चटणीला आंबटपणा कशाने येतो?

2. कोणी किडे खाऊ नयेत? का?

3. ताप आला तर काय करावे?

4. तुमच्या घरचा कोणता पदार्थ पाहून परगावचा माणूस नाक मुरडेल? तो कसा करतात, ते चार ओळींत लिहा.