एकच ट्यूब सगळ्याला? मलम घेताना थोडे बघून घ्या



गळीत हंगामाबरोबर थंडी येते आणि फडात वावरणाऱ्यांच्या अंगाचे हाल सुरू होतात. पात्याने हात चिरतात, कूस लागून खाज सुटते, टाचांना भेगा पडतात. मग बाजाराच्या दिवशी दुकानदाराला म्हणायचे, "सगळ्यावर चालेल असं कायतरी द्या." एका वस्तूत चार कामे व्हावीत यात गैर काही नाही. पण अशा वस्तू दोन जातींच्या असतात, आणि बियाण्याइतकीच इथेही जात बघून घ्यावी लागते.

पहिली जात साध्या पेट्रोलियम जेलीची. अमेरिकेतल्या तेलविहिरींवरचे कामगार यंत्राच्या दांड्यावर साचणारे मेण कापल्या-भाजल्यावर लावत. ते बघून रॉबर्ट चेसब्रो यांनी ते शुद्ध केले आणि १८७२ मध्ये व्हॅसलीनचे पेटंट घेतले. ही जेली कातडीत पाणी घालत नाही, असलेले उडू देत नाही. म्हणून सुक्या टाचेवर नुसती चोपडून फारसा उपयोग नाही. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवावेत, टिपावेत, आणि ओलसर असतानाच जेली लावून सुती मोजे घालावेत. ओठ, हात, लेकरांचे गाल, सगळ्याला तीच चालते. बिनवासाची घ्यावी, सुगंधी जेली चिरलेल्या कातडीला झोंबू शकते. ज्यांना शुगर आहे (कारखान्याची नव्हे, रक्तातली!) त्यांनी मात्र पाय भिजत घालू नयेत, आणि भेगेतून रक्त किंवा पू दिसला तर थेट दवाखाना गाठावा.

दुसरी जात फसवी. गजकर्ण, खाज, पुरळ, सगळ्यावर एकच ट्यूब म्हणून जी खपते, तिच्यात पुष्कळदा बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि स्टेरॉइड अशी तिन्ही कालवलेली असतात. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते आणि गडी खूष होतो. पण ते शरीराचा प्रतिकारच दाबते, त्यामुळे गजकर्ण आतल्या आत पसरत राहते. ट्यूब सोडली की दुप्पट उठते, म्हणून पुन्हा ट्यूब! पुढे गोल कडा पुसट होते आणि डॉक्टरांनाही रोग चटकन ओळखू येत नाही. जांघेत कातडी पातळ होऊन वळ उठतात, ते कायमचे. काही घरांत हीच ट्यूब रंग उजळतो म्हणून लेकी-सुना तोंडाला लावतात. त्याने चेहरा लाल होतो, पुटकुळ्या येतात, उन्हात जायची सोय राहत नाही.

ओळखायचे कसे? लेबलाच्या डाव्या कडेला उभी तांबडी रेघ असली तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. घटकांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड. इंग्रजी बारीक अक्षर वाचायला शाळेतल्या पोराला बसवावे. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीच्या यादीत घातली, तरी काउंटरवर हात पुढे केला की ती मिळतात, हे आपण सारे जाणतो.

गजकर्णाला नुसते बुरशीचे औषध लागते, तेही डॉक्टर सांगतील तितके दिवस. डाग गेला म्हणून मध्येच सोडू नये. घरात आणखी कोणाला असेल तर त्याचाही इलाज बरोबरच करावा. टॉवेल वेगळा ठेवावा, कपडे कडक उन्हात वाळवावेत. आणि अशी ट्यूब महिनोन् महिने लावत असाल, तर एकदम बंद न करता डॉक्टरांकडे जाताना ती ट्यूबच खिशात घालून न्यावी.