पिशवीतले कागद आणि सल्ल्याचे दान



रविवारची मिस्सा संपली की कार्यालयाच्या दाराशी कोणीतरी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन थांबलेले असते. आत बँकेची नोटीस, बिल्डरच्या पावत्या, सासरच्यांशी झालेल्या भांडणाची तक्रार. "फादर, जरा बघता का?" आपल्यापैकी काही निवृत्त मंडळींनी अशांना सल्ला देण्यासाठी आठवड्याचे दोन तास देऊ केले आहेत. त्यांच्यासाठी हे थोडे चिंतन.

संभ्रमात पडलेल्यास सल्ला देणे हे ख्रिस्तसभा दयेच्या आध्यात्मिक कृत्यांत मोजते. संत थॉमस अक्वायनस यांनी पवित्र आत्म्याच्या सल्ल्याच्या दानाची सांगड थेट दयावंतांच्या धन्यतेशी घातली. सेमिनरीत आम्हाला याचे नवल वाटे. सल्ला हा बुद्धीचा प्रांत, त्यात दया कुठून आली? पिशव्या उघडू लागल्यावर ते थोडेफार उमगले.

ॲरिस्टॉटल सांगतो की, माणूस विचारविनिमय करतो तो स्वतःच्या हाती असलेल्या गोष्टींबद्दल. संकटातल्या माणसाला आपल्या हाती काहीच उरले नाही असे वाटत असते. काय उरले आहे ते त्याला दाखवणे, एवढेच आपले काम, निर्णय त्याचा. "नवऱ्याला सोडू का?" याचे उत्तर आपण द्यायचे नाही. पण विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो, हे त्या बहिणीला सांगायलाच हवे. 15100 हा क्रमांक आणि ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता तिच्या हाती लिहून द्यावा. वकील नसलेल्या साध्या नागरिकांना प्रशिक्षण देऊन पॅरालीगल स्वयंसेवक करण्याची योजनाही 2009 पासून आहे. इच्छुकांनी तिथे चौकशी करावी.

आता डोंबिवलीची गोष्ट. "महारेराचा नंबर आहे ना, मग बिनधास्त बुक करा," असा सल्ला आपण सगळेच देत आलो. आम्हीही दिला आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या 65 बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून त्यांच्यासाठी महारेराचे नंबर मिळवलेले होते. सल्ला देणाऱ्याचे एक वाक्य. घेणाऱ्याचा सगळा प्रॉव्हिडंट फंड. म्हणून नंबर पाहावा, मग परवानगी खरी आहे का ते महापालिकेच्या नगररचना विभागात विचारायला सांगावे, वकिलाकडे पाठवावे, आणि त्यापुढचे "मला ठाऊक नाही" म्हणावे. हे तीन शब्द शिकलेल्या माणसाला फार जड जातात. (धर्मगुरूंना तर विचारूच नका!)

इंग्लंडमध्ये 4 सप्टेंबर 1939 रोजी, युद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, नागरिक सल्ला केंद्रे सुरू झाली. चालवणारे बहुतेक तुमच्याआमच्यासारखे स्वयंसेवकच होते.

ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढे त्यांनी उत्तम केले. बिघडले ते बोलायला लागल्यावर, कारण ईयोबाचे दुःख समजून घेण्यापूर्वीच त्याचे कारण त्यांनी ठरवून टाकले होते.

टेबलावर ऐकलेले व्हरांड्यात, घरीसुद्धा, बोलू नये. तो पापनिवेदनाचा संस्कार नाही, तरीही. कोणाचेही मूळ कागद ठेवून घेऊ नयेत. काय सांगितले ते तारखेसह वहीत लिहावे. वही आम्ही आणून ठेवली आहे.