तोफेचा चिमुकला गाडा

शाळूची काढणी झाली, की बीड जिल्ह्यातील नेकनूरच्या शिवारात कडब्याच्या पेंढ्या उभ्या राहतात. मोठ्या माणसांच्या दृष्टीने तो जनावरांचा वर्षाचा चारा असतो. मुलांच्या दृष्टीने ते सुताराचे भरलेले दुकान असते. ज्वारीचे वाळलेले धाट हाती घ्यावे, त्याची चकचकीत साल उभी सोलून काढावी, म्हणजे आतून पांढरा, हलका गर निघतो. त्याला भेंड म्हणतात. साल ताठ आणि टोकदार, भेंड मऊ. सालीचे टोक भेंडात दाबले की ते घट्ट बसते. खिळा नको, डिंक नको. एवढ्याशा भांडवलावर मराठवाड्यातील मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या चष्मे, खुर्च्या आणि मुख्य म्हणजे बैलगाड्या केल्या आहेत. साल मात्र पात्यासारखी धारदार असते. हे काम शिकताना प्रत्येकाचे बोट एकदा तरी कापतेच.

बैलगाडी करण्यासाठी नेकनूरच्या मुलाला चित्र पाहावे लागत नाही. गावच्या आठवडी बाजारात, शेताच्या वाटेवर त्याने ती शेकडो वेळा पाहिलेली असते. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांची रबरी चाकांची टायरगाडीही त्याला ठाऊक असते. जू कोठे, शिवळा कोठे, जुपणी कशी बांधतात, हे त्याच्या डोळ्यांना पाठ असते. परंतु जी गाडी त्याने कधी पाहिलीच नाही, जी आता कोणत्याही रस्त्यावर धावत नाही, ती करायची असेल तर? मग नुसते हात कुशल असून भागत नाही. दोनशे वर्षांपूर्वीचा तोफेचा गाडा ही अशीच एक वस्तू आहे.

अशा गाड्यांची एक मोठी लढाई मराठवाड्यातच झाली. आजच्या जालना जिल्ह्यात असई नावाचे गाव आहे. तेथे केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात 23 सप्टेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांचे सैन्य आणि इंग्रजांची फौज यांची गाठ पडली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढे वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून प्रसिद्धी पावलेला, आणि 18 जून 1815 रोजी वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनचा पराभव करणारा सेनापती तो हाच. शिंद्यांच्या कवायती पलटणींपाशी शंभराच्या आसपास तोफा होत्या आणि त्या चालविणारे गोलंदाज आपल्या कामात तरबेज होते. वेलस्लीला विजय मिळाला, पण त्याचे पंधराशेहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. लहानशा फौजेला हे मोल फार जबर होते.

या लढाईचा देखावा मातीत मांडायचा, तर पहिला प्रश्न येतो मापाचा. दिवाळीच्या किल्ल्यावर पुष्कळदा मावळा बुरुजापेक्षा उंच असतो. किल्ल्यावर ते खपून जाते, कारण तेथे सारी गंमत असते. येथे मात्र एकच प्रमाण धरून चालावे. प्रत्यक्षातील 30 सेंटीमीटर म्हणजे देखाव्यातील 1 सेंटीमीटर, असे ठरविले तर हिशेब सोपा होतो. 165 सेंटीमीटर उंचीचा शिपाई साडेपाच सेंटीमीटरांचा होईल. त्या काळच्या मैदानी तोफेच्या गाड्याचे चाक सुमारे दीड मीटर उंच, म्हणजे शिपायाच्या हनुवटीपर्यंत येणारे असे. ते 5 सेंटीमीटरांचे होईल. एवढे मोठे चाक कशासाठी, असे कोणी विचारील. चिखल, नांगरट, ओढ्यातील गोटे यांतून जड तोफ ओढायची, तर लहान चाक खळग्यात रुतून बसते. मोठे चाक त्यावरून वर चढते.

चाक जमले की निम्मे काम झाले. युरोपीय धर्तीच्या तोफेच्या चाकाला सामान्यतः बारा आरे असत. मध्ये तुंबा, तुंब्यातून निघणारे आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसविलेले बाकदार पुठ्ठे, आणि सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव. आपल्या बैलगाडीचे लाकडी चाकही याच रीतीचे. भेंडाचा एक सेंटीमीटर जाडीचा तुकडा हा तुंबा. त्यात प्रथम समोरासमोर चार आरे खोचावेत, मग प्रत्येक दोहोंच्या मध्ये दोन दोन. म्हणजे बारा आरे सारख्या अंतरावर बसतात. एका कडेपासून एकामागून एक खोचीत गेल्यास शेवटच्या आऱ्याला जागाच उरत नाही. पुढे भेंडाचे सहा बाकदार पुठ्ठे कापून प्रत्येकात दोन आऱ्यांची टोके दाबावीत. शेवटी सालीची सुमारे 17 सेंटीमीटर लांबीची पट्टी पाण्यात भिजवून मऊ करावी, चाकाभोवती वळवावी आणि दोऱ्याने बांधून सुकू द्यावी. कोरडी साल वळवू गेल्यास ती तडकते.

खऱ्या चाकावर धाव चढविणे म्हणजे लोहाराची परीक्षाच. लोखंडी पट्ट्याचे कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या आगीत ते लाल होईपर्यंत तापवितात. तापल्यावर ते प्रसरण पावते. मग चिमट्यांनी उचलून ते चाकावर बसवावयाचे, घणाने ठोकावयाचे आणि लगेच पाणी ओतावयाचे. वाफेचा लोट उठतो, कडे आकसते आणि सगळे आरे करकचून तुंब्यात रुततात. कडे फार लहान झाले तर चाक वाकते, मोठे झाले तर वाटेतच धाव निसटते. तोफखान्याबरोबर सुतार व लोहार न्यावे लागत, ते याचसाठी. मोडके चाक रणांगणावर तोफेलाच निकामी करी.

तोफेच्या नळीसाठी भेंड नको. सालीसकट धाटच घ्यावे. ते बुडाकडे जाड आणि शेंड्याकडे किंचित निमुळते असते, आणि तोफही तशीच असते. त्यावरील पेराची गाठ तोफेवरील उठावदार कड्यासारखी दिसते. ती बुडाच्या बाजूला येऊ द्यावी. 5 सेंटीमीटर लांबीची ही नळी हळदीच्या पाण्याने रंगविली, की पितळी झाक येते. नळीच्या दोन्ही अंगांना दोन आखूड खुंट्या असतात. त्यांवर तोफ खालीवर झुलते. या खुंट्या गाड्याच्या दोन भक्कम पाटांवर टेकतात. हेच पाट मागे जमिनीपर्यंत उतरतात व तोफेचे शेपूट बनतात. बार उडाला की सबंध गाडा मागे धावे आणि गोलंदाज तो पुन्हा ढकलीत जागेवर आणीत.

तोफ हलवायची वेळ आली, म्हणजे ते शेपूट उचलून पुढच्या एका लहान दुचाकी गाड्याला अडकवीत. म्हणून देखाव्यात चालती तोफ चार चाकांची आणि लढती तोफ दोन चाकांची दाखवावी. पुष्कळ हौशी कारागीर येथेच चुकतात. ते तोफ डागताना दाखवितात आणि बैलही तिलाच जुंपून ठेवतात!

युरोपात हे गाडे घोडे ओढीत. नेपोलियन स्वतः तोफखान्यातील अधिकारी होता, आणि त्याच्या मैदानी तोफांना चार किंवा सहा घोडे जुंपलेले असत. दख्खनच्या लढायांत हे काम मुख्यतः बैलांनी केले. 1799 साली टिपू सुलतानाचा पाडाव झाल्यावर म्हैसूरचे अमृतमहाल जातीचे बैल इंग्रजांच्या हाती आले होते आणि त्यांच्या चपळाईवर वेलस्ली खूश होता. हा बैल नेकनूरच्या बाजारात दिसणाऱ्या देवणी बैलासारखा करून चालणार नाही. अमृतमहालाची शिंगे लांब, अणकुचीदार आणि मागे झुकलेली असतात. मातीच्या बैलाला बाभळीचे दोन लांब काटे मागे कलवून खोचले, की ती हुबेहूब साधतात.

इतका खटाटोप करणारी माणसे जगात थोडी नाहीत. विल्यम सायबोर्न या इंग्रज अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या लढाईचा देखावा तयार केला. 1830 मध्ये तो त्या रणभूमीवरील एका शेतघरात जाऊन राहिला आणि महिनोन्‌महिने त्याने जमिनीची मोजणी केली. लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून, संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण नेमकी कोठे होती, समोर शत्रू कोणता होता, असे विचारले. सरकारने पुढे पैसा देण्याचे नाकारले, तरी त्याने काम सोडले नाही व तो कर्जात बुडाला. 1838 मध्ये लंडनमध्ये हा देखावा लोकांसमोर आला. त्यात 70,000 हून अधिक चिमुकले शिपाई होते. वेलिंग्टनला मात्र तो आवडला नाही. मदतीला आलेले प्रशियन सैन्य त्यात फार ठळक दिसत होते. म्हणजे खेळण्यातील शिपायांच्या जागेवरूनही वाद होतो. कारण कोण कोठे उभा होता, यावरच विजय कोणाचा हे ठरते. हा देखावा आजही लंडनच्या लष्करी संग्रहालयात जपलेला आहे. वॉटर्लूहून पळताना नेपोलियनने सोडलेली त्याची स्वतःची घोडागाडी मात्र तितकी भाग्यवान ठरली नाही. लंडनमध्ये ती कित्येक वर्षे लोकांना दाखविली जात होती. 1925 च्या आगीत ती जळाली. आता तिची प्रतिकृती करणाऱ्याला जुन्या चित्रांचाच आधार आहे.

असईच्या देखाव्यात कोण कोठे ठेवावे, हाही असाच प्रश्न आहे. वेलस्लीची फौज केळणा ओलांडून दुआबात आली, तेव्हा मराठ्यांच्या तोफांनी तिच्यावर भडिमार केला. त्यात इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल आणि त्यांचे गाडीवान धडाधड पडले. तोफा शाबूत होत्या, दारूगोळा शाबूत होता. ओढणारे उरले नव्हते. त्या तेथेच टाकून पायदळाने संगिनींनिशी पुढे जावे, असा हुकूम वेलस्लीला द्यावा लागला. म्हणून नदीच्या अलीकडे सगळे बैल उभे करून मांडू नयेत. काही जोड्या आडव्या ठेवाव्यात, त्यांची जुवे तिरपी पडू द्यावीत. एखादा बैल मेलेल्या जोडीदाराशेजारी जुवात अडकून उभा असावा, आणि त्याच्या वशिंडापाशी कासरा धरलेला गाडीवान. पायदळाच्या रांगा त्यांच्यापुढे पाऊलभर अंतरावर, असईकडे तोंड करून ठेवाव्यात.