गावचा दवाखाना आणि कॅज्युअल्टीतील गर्दी

रुग्णालयाचा तातडीचा विभाग, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील 'कॅज्युअल्टी', हा प्राणरक्षणासाठी असतो. अपघात, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, सर्पदंश, अडलेली बाळंतीण अशा प्रसंगी प्रत्येक मिनिट मोलाचे असते. परंतु त्याच दारात सर्दी-पडसे, किरकोळ खरचटणे, जुनी पाठदुखी किंवा संपलेल्या गोळ्या यांसाठीही लोक येतात. या गर्दीची झळ अखेर गंभीर रुग्णालाच बसते.

अशा लोकांना दोष देऊन प्रश्न सुटत नाही. दिवसभर राबणारा मनुष्य संध्याकाळी मोकळा होतो, तेव्हा जवळचा बाह्यरुग्ण विभाग बंद झालेला असतो. तेथे डॉक्टर आणि औषध मिळण्याची खात्री नसेल, तर तो थेट मोठ्या रुग्णालयाची वाट धरतो. यास्तव उपायाचा आरंभ प्राथमिक आरोग्यसेवेपासूनच व्हावयास हवा.

मँचेस्टरचा अनुभव

या बाबतीत इंग्लंडमधील एक प्रयोग उद्बोधक आहे. तेथे नागरिक घराजवळच्या दवाखान्यात नाव नोंदवितात आणि तपासणीसाठी त्यांना पैसे द्यावे लागत नाहीत. ग्रेटर मँचेस्टर परिसरातील 56 दवाखान्यांना संध्याकाळी तसेच शनिवारी-रविवारी जादा वेळ सेवा देण्यासाठी निधी मिळाला. त्यांच्याकडे सुमारे 3 लाख 46 हजार लोकांची नोंद होती. 2014 मधील या कामाचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. जादा वेळ नसलेल्या दवाखान्यांच्या तुलनेत, किरकोळ तक्रारींसाठी स्वतःहून तातडीच्या विभागात जाणाऱ्यांचे प्रमाण 26.4 टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळून आले.

तथापि, याच अभ्यासाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. तातडीच्या विभागातील एकूण भेटींमध्ये निश्चित म्हणता येईल अशी घट दिसली नाही. जादा सेवेवर सुमारे 31 लाख पौंड खर्च झाले, तर किरकोळ भेटी टळल्याने सुमारे 7 लाख 68 हजार पौंड वाचले. म्हणजे दवाखान्याची वेळ वाढविल्याने किरकोळ रुग्णांची पावले वळतात; परंतु केवळ काटकसरीच्या आशेने अशी सुधारणा हाती घेणे योग्य नव्हे. घराजवळ वेळेवर उपचार मिळणे, हाच तिचा खरा लाभ होय.

आपली साखळी

भारतात प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना भोर समितीने 1946 साली मांडली. मैदानी भागात 5,000 लोकवस्तीस एक उपकेंद्र आणि 30,000 वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे प्रमाण पुढे ठरले. 2018 पासून ही केंद्रे अधिक सक्षम करण्याचे काम सुरू झाले. रक्तदाब, मधुमेह अशा दीर्घकालीन आजारांची तपासणी आणि औषधे घराजवळ मिळावीत, हा त्यामागील हेतू आहे. रक्तदाबाची गोळी नियमित मिळाली, तर पक्षाघाताचा धोका कमी होतो. अशा रीतीने गावचे केंद्र किरकोळ गर्दीच नव्हे, तर खरी आणीबाणीही टाळू शकते.

गोव्यात उपकेंद्र, आरोग्य केंद्र, जिल्हा रुग्णालय आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय अशी चढती साखळी आहे. तिची पहिली कडी भक्कम असेल, तरच शेवटच्या कडीवर अकारण ताण पडणार नाही.

कोठे जावे?

साधा ताप, खोकला, लहान जखम, नेहमीची औषधे यांसाठी प्रथम जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. मात्र छातीत कळ, श्वास लागणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, बोबडी वळणे, शुद्ध हरपणे, सर्पदंश किंवा न थांबणारा रक्तस्राव असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शंका असल्यास रुग्णास घरी ठेवून वाट पाहू नये.

केंद्राची वेळ आणि तेथे मिळणारी औषधे यांचा फलक पंचायतीत व शाळेत लावणे कठीण नाही. शिक्षकांनी ही माहिती मुलांमार्फत घरोघरी पोहोचवावी, तर अधिकाऱ्यांनी फलकावरील वेळ कसोशीने पाळली जाते की नाही, हे पाहावे. दार उघडे मिळेल असा विश्वास एकदा बसला, की लोक आपण होऊन गावच्या दवाखान्याची वाट धरतील.