ओळखीच्या वाटेनं इंग्रजी

कम्पल्सरी इंग्लिशचा पेपर निघाला, मार्कही बरे पडले आणि तरीही कुणी इंग्रजीत साधं नाव-गाव विचारलं की घशाला कोरड पडते, हे तू मला मोकळेपणानं सांगितलंस ते फार बरं केलंस. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कुठल्याही कॉलेजच्या मुलींमध्ये जाऊन बस. हे दुखणं घरोघरचं आहे. फक्त कुणी बोलून दाखवत नाही. मीही त्याच बाकांवरून उठून पुण्याला एम.ए. करायला गेले, तिथे वर्गात मागच्या रांगेत बसून समोरच्यांचं इंग्रजी नुसतं ऐकत राहिले. म्हणून हे तुझ्याशी बोलायचा मला हक्क आहे असं वाटतं.

आधी एक गोष्ट मनात पक्की धर. इंग्रजी तुझ्यासाठी परकी भाषा आहे आणि ती परकी असण्यात तुझा काहीही कमीपणा नाही. कोथरूडच्या एखाद्या मुलीच्या घरात इंग्रजी पेपर येतो, मोठा भाऊ ऑफिसच्या फोनवर इंग्रजी बोलतो, ती लहानपणापासून इंग्रजी कार्टून बघते. तुझ्या कानावर इंग्रजी पडलं ते शाळेच्या तासाला, आणि तिथेही धडा मराठीतून समजावून. आहुपे किंवा घाटघरकडच्या महादेव कोळी, ठाकर घरातल्या मुलींचं तर आणखी वेगळं. घरची बोली एक, आश्रमशाळेच्या पुस्तकातली मराठी दुसरी आणि इंग्रजी तिसरी. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यामुळे कागदावर तू पहिलीपासून इंग्रजी शिकतेस. पण भाषा येते ती कानावर किती पडली आणि तोंडातून किती निघाली त्यावर. तो हिशेब मार्कशीटवर लिहिलेला नसतो.

आणि आपण शिकतो तरी कसं? धडा कुणी वाचत नाही. गाईड आणतात, प्रश्नाखाली उत्तर असतं, ते पाठ करतात, पेपरात उतरवतात. माझ्या वर्गातल्या मुली आठ-आठ ओळींची उत्तरं स्वल्पविरामासकट घडाघडा म्हणायच्या, पण त्यातलं एक वाक्य बदलून स्वतःच्या आईबद्दल सांग म्हटलं की गप्प. यात मुलींचा दोष नाही. परीक्षेत जे विचारतात तेवढंच लोक करतात. पण तू एवढं समजून घे की पेपर सोडवणं हे एक काम आहे आणि इंग्रजी शिकणं हे दुसरं. पहिलं तुला जमतं. दुसरं अजून सुरूच झालेलं नाही.

तुझ्या चुकांना तू उगाच घाबरतेस. त्या कुठून येतात ते बघ. मराठीत आपण 'तू कुठे गेली होतीस' म्हणतो, प्रश्नाचा शब्द आपल्या जागी बसून राहतो, क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत प्रश्नाचा शब्द उचलून पुढे न्यावा लागतो आणि मध्ये 'डिड' घुसवावा लागतो. तो 'डिड' राहून जातो, म्हणून तुझ्या तोंडून 'व्हेअर यू वेंट' निघतं. आपल्याला भूक लागते, ताप येतो, गाणं आवडतं, म्हणजे सगळं 'मला' होतं. इंग्रजीत तिथे 'मी' येऊन उभा राहतो. 'अ' आणि 'द' ही उपपदं तर मराठीत नाहीतच, ती कुठे लावायची याचा गोंधळ रशियन आणि जपानी माणसांचाही होतो, कारण त्यांच्याही भाषेत ती नाहीत. या चुका बुद्धी कमी असल्याच्या खुणा नाहीत. तुझ्या डोक्यात एक पूर्ण, पक्की भाषा आधीच आहे, तिच्या त्या खुणा आहेत. काही ठिकाणी तर मराठी तुझ्या बाजूनं उभी आहे. 'माझा'मधला झ आणि 'जागा'मधला ज आपण दातांजवळ म्हणतो. 'झू', 'झीरो' म्हणायला त्यामुळे तुला वेगळे कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते आघाताला. आपण सगळी अक्षरं सारख्याच जोरानं म्हणतो, इंग्रजीत एका अक्षरावर भार देऊन बाकीची गिळतात. ते पुस्तकातून कधीच कळणार नाही, ऐकूनच कळतं. मोबाइलवरच्या डिक्शनरीत उच्चार ऐकायची सोय असते, ती वापर.

व्याकरण नको असं मी म्हणत नाही. नारायणगावकडे टोमॅटोला बांबू आणि तार लागते, त्याशिवाय झाड जमिनीवर लोळतं. पण नुसती तार बांधून ठेवली म्हणून टोमॅटो लागत नाहीत. व्याकरणाचं तेवढंच काम आहे. खत-पाणी म्हणजे वाचणं आणि ऐकणं.

आता मला जे खरं तुला सांगायचं आहे ते ऐक. इंग्रजी अनोळखी मजकुरातून शिकू नकोस. भाषाही परकी आणि विषयही परका, असं दुहेरी ओझं कशाला घ्यायचं? कुठल्याशा इंग्लंडातल्या बागेतल्या फुलांवरची कविता पहिल्याच वर्षी समोर आली की ते फूलही आपण पाहिलेलं नसतं. ती सिलॅबसला आहे तर कर, पण तुझं स्वतःचं वाचन तिथून सुरू करू नकोस. जे तुला मराठीत पूर्ण माहीत आहे तेच इंग्रजीत वाच. मग प्रत्येक तिसऱ्या शब्दाला अडखळलीस तरी अर्थ हातातून सुटत नाही, कारण अर्थ आधीच तुझ्याकडे असतो.

आणि आपल्या भागाबद्दल इंग्रजीत किती लिहिलं गेलंय! खोडदची रेडिओ दुर्बीण घे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, गोविंद स्वरूप यांनी उभा केलेला प्रकल्प, जगभरातले शास्त्रज्ञ तिच्यावर निरीक्षणाचा वेळ मागतात. आपण लहानपणी शाळेच्या सहलीला तिथे गेलेलो असतो. त्यांची इंग्रजी माहिती वाच, सोप्या भाषेत लिहिलेली बरीच सापडेल. बिबट्याचं घे. उसातल्या बिबट्याबद्दल तुझ्या आजीला जे ठाऊक आहे त्यावर विद्या अत्रेय यांनी इंग्रजीत शोधनिबंध लिहिले. पकडलेले बिबटे दुसरीकडच्या जंगलात नेऊन सोडल्यावर तिथले माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, असं त्यांनी जुन्नर परिसराचा अभ्यास करून मांडलं. शोधनिबंध जड वाटला तर आधी याच विषयावरच्या इंग्रजी बातम्या वाच. आपल्या भागातल्या 'माणिकडोह'चं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं दिसलं की बघ कसं बळ येतं.

साहित्य आवडत असेल तर अरुण कोलटकरांची 'जेजुरी' वाच. १९७६ साली इंग्रजीत आलेलं पुस्तक, पुढच्या वर्षी राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळालेलं. शब्द साधे, वाक्यं छोटी, आणि विषय खंडोबा! आपल्याकडच्या कुठल्या घरातलं नवं जोडपं जेजुरीला गेलेलं नाही? त्या पायऱ्या, ती देवळं तुझ्या डोळ्यांसमोर आहेतच. तुकोबांचे अभंग दिलीप चित्रे यांनी इंग्रजीत नेले, 'सेज तुका' नावानं ते १९९१ साली आले. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरला. तू वारकरी घरातली, अभंग तुला पाठ. एका हातात गाथा आणि दुसऱ्या हातात ते पुस्तक घेऊन बस. चित्रे यांनी एखादी ओळ अशी का केली, तुला पटते की नाही, यावर भांड. ते भांडणही इंग्रजीचाच अभ्यास आहे. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' माया पंडित यांनी इंग्रजीत आणलंय, तेही दोन्ही भाषांत वाचण्यासारखं. ही पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयात नसतील तर मागणीचा अर्ज दे. पुण्याला गेलीस तर विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे. तिथे मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दुपार-संध्याकाळ काढली.

शब्द किती लागतात याची तुला धास्ती आहे. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक इंग्रजांच्या काळात ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना काय जड जातं हे बघत त्यांनी मोजक्या शब्दांची वाचनपुस्तकं तयार केली, आणि पुढे १९५३ साली त्यांची नेहमीच्या वापरातल्या सुमारे २००० शब्दांची यादी छापली गेली. साध्या मजकुरातले पाचातले चार शब्द या यादीतलेच असतात. यातले कितीतरी तुला आजच येतात, बस, तिकीट, टाइम, हाफ, फुल. आपल्यासारख्याच मुलांसाठी केलेला हा विचार आहे. त्यामुळे जाडजूड शब्दांच्या मागे लागू नकोस. नेहमीचे शब्द वाक्यात पक्के बसव.

बोलायचं कुणाशी, हा तुझा खरा प्रश्न. स्पोकन इंग्लिशच्या क्लासला हजारो रुपये भरायच्या आधी एक मैत्रीण शोध. एकच, पण हसणार नाही अशी. बंगळूरु प्रकल्प म्हणून एक प्रयोग १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतल्या साध्या शाळांत केला. मुलांना नियम शिकवण्याऐवजी कोडी द्यायची, रेल्वेचं वेळापत्रक समोर ठेवून कुठली गाडी सोयीची ते इंग्रजीत शोधायला लावायचं. मुलं कोडं सोडवण्यात गुंतायची आणि भाषा येत जायची. तुम्ही नारायणगाव स्टँडवर उभ्या असता, भीमाशंकर किंवा शिवाजीनगरची एसटी कधी, कुठे बदलायची, उशीर झाला तर काय, हे इंग्रजीत ठरवा. बाजारात आज कॅरेटला काय भाव निघाला हे घरी येऊन एकमेकींना इंग्रजीत सांगा. मोडकं बोला. मध्ये मराठी शब्द आला तर येऊ दे. थांबू मात्र नका.

कुणी हसेल. हसतातच. मला सर्वांत जास्त टोचलं ते पुण्यातल्या मुलींचं हसणं नव्हे, आपल्याच गावातल्या माणसांचं होतं: 'मॅडम झाली बघा.' रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' तू वाचलं नसशील तर मराठीतच वाच. महादेव गोविंद रानडे बायकोला इंग्रजी शिकवतात म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्या मुलीला काय काय सुनावलं ते त्यात आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शिकणं सोडलं नाही. आणि ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाची पदवी तू घेणार आहेस त्या सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'मध्ये शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिका म्हणून सांगितलं. ज्यांना ज्ञानाचं दार बंद होतं त्यांच्यासाठी ती भाषा सावित्रीबाईंना हवी होती. टोमणे मारणाऱ्यांपेक्षा या दोघींचं ऐकलेलं बरं.

इंग्रजी आलं की मराठी सुटेल, आपण आपल्या माणसांपासून तुटू, ही भीती तू बोलली नाहीस पण मला दिसली. तसं होत नाही. भालचंद्र नेमाडे अनेक वर्षं इंग्रजीचे प्राध्यापक राहिले आणि मराठीचा एवढा कैवार फार थोड्यांनी घेतला. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिलेल्या दानाचे शिलालेख आहेत. नाणेघाटाच्या व्यापारी वाटेवरच्या या गावात ती परदेशी माणसं स्थिरावली, पाण्याची टाकी, भोजनमंडप दान दिले आणि ते इथल्या प्राकृतात, ब्राह्मी लिपीत कोरून घेतले. नावापुढे यवन हा शब्द मात्र तसाच ठेवला. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच डोंगरात परकी भाषा आपलीशी करून माणसं राहिली, मग तुला का जमू नये?

उलट तुझं मराठी वाचन कमी होऊ देऊ नकोस. ज्या मुलींना मराठीत एखादा मुद्दा नीट मांडता येतो त्यांचं इंग्रजी लवकर सुधारतं, हे मी शिकवायला लागल्यापासून पुन्हा पुन्हा पाहतेय. ज्यांच्याकडे सांगायला काही आहे त्यांना भाषा सापडते.

घरच्यांशीही बोल. 'इंग्लिशला फार पुस्तकं, फार वेळ, त्यापेक्षा सोपा विषय घे, लग्नच तर करायचंय' असं काका म्हणाले, ते तू सांगितलंस. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण ऐकूही नकोस. आईला बाजूला घे आणि सांग की मला तीन वर्षं पूर्ण हवी आहेत. तिला कळेल. फीची अडचण असेल तर शिष्यवृत्तीचा फॉर्म मुदतीत भर. वसतिगृह हवं असलेल्या आदिवासी मैत्रिणींना घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात चौकशी करायला सांग.

स्पेशल इंग्लिशच घे. भीतीपोटी विषय बदललेल्या माझ्या मैत्रिणींपैकी एकीलाही त्याचं समाधान वाटलेलं मी पाहिलं नाही. उद्या तासाला सर शिकवतील त्यावर एक प्रश्न इंग्रजीत विचार, आदल्या रात्री वहीत लिहून ठेवलास तरी चालेल. सर काय म्हणाले ते मला रात्री फोन करून सांग.