पत्र कोणाचे?

पूर्वी गावात पत्र आले की काय होई, ते पुष्कळांना आठवत असेल. घरात वाचणारे कोणी नसले तर पोस्टमनच पत्र वाचून दाखवी. नाहीतर पत्र घेऊन शाळेत मास्तरांकडे जावे लागे. मीही अशी पुष्कळ पत्रे वाचून दाखविली आहेत आणि लिहूनही दिली आहेत.

पत्रात काय असे? मुंबईला गेलेल्या मुलाला काम लागले की नाही. जमिनीच्या वाटणीचे काय झाले. लेकीचे सासरी कसे चालले आहे. हे सगळे आधी मास्तरांना कळे, मग घरच्यांना. कित्येक आयाबहिणी लाजेने मनातले सांगतच नसत. “सर्व खुशाल आहे, एवढंच लिहा,” म्हणत.

आता तुम्ही स्वतः वाचता, स्वतः लिहिता. तुमचे पत्र तुमच्या हातात आले. ही केवढी मोठी गोष्ट झाली!

आजचे पत्र म्हणजे फोनवरचा निरोप. हा निरोप तुमच्याशिवाय आणखी कोण वाचू शकतो, ते या धड्यात पाहू.

पोस्टकार्ड उघडे असते. पाकीट बंद असते. फोनवरचा साधा एसएमएस पोस्टकार्डासारखा आहे. तो फोन कंपनीच्या यंत्रांतून उघडाच जातो. व्हॉट्सॲपचा निरोप एप्रिल २०१६ पासून बंद पाकिटासारखा जातो. तुमच्या फोनात त्याला कुलूप लागते. किल्ली असते ती फक्त ज्याला तो पाठविला त्याच्या फोनात. वाटेत कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. मात्र पाकिटावरचा पत्ता जसा दिसतो, तसे कोणी कोणाला केव्हा निरोप धाडला, हे कंपनीला कळू शकते.

मग निरोप फुटतो कुठे? बहुतेक वेळा वाटेत फुटतच नाही. आपल्या हातातल्या फोनात फुटतो.

समजा, एक कांदा पिकविणारा शेतकरी आहे. खळ्यावर येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या दुकानात तो बसला आहे. त्याचा फोन सावकाश चालतो. दुकानातला पोरगा म्हणतो, “द्या काका, नीट करून देतो.” दुकानात संगणक आहे. त्याच्या पडद्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे चौकोनी चित्र येते. त्याला क्यूआर कोड म्हणतात. पोरगा फोन त्या चित्रासमोर धरतो आणि परत देतो. दोन मिनिटांचे काम. त्या घडीपासून शेतकऱ्याचे व्हॉट्सॲपचे निरोप दुकानातल्या संगणकावरही दिसू लागतात.

रात्री शेतकरी भावाला लिहितो, “बँकेचा हप्ता भरायचाय. अठराशे रुपये क्विंटल म्हणाला तरी देऊन टाकतो.” सकाळी व्यापारी खळ्यावर येतो. अठराशे म्हणतो, आणि एक रुपयाही वर चढत नाही! कोणी कुलूप फोडले नाही. फक्त दुसरी किल्ली करून घेतली.

घरातही हेच होते. सुनेचा फोन नवरा किंवा दीर असाच जोडून ठेवतो आणि तिचे सगळे निरोप वाचतो. वर विचारतो, “आमच्यापासून लपवायचं काय आहे?” अहो, लपवायचे काही नसेलही. पण लेकीने आईला लिहिलेले आईनेच वाचावे, हे सरळ आहे. आपले लिहिणे कोणी वाचते आहे असे कळले की ती काय लिहील? पुन्हा तेच, “सर्व खुशाल आहे.” आणि माहेरी कोणाला काही कळणार नाही.

याबाबत न्यायालय काय म्हणते, तेही ऐका. सरकारला कायद्याने काही प्रसंगी लोकांचे टेलिफोन ऐकता येतात. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्याला नियम घालून दिले. गृहसचिवांसारख्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा हुकूम हवा. त्या हुकमाला मुदत हवी. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की, खाजगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. हा दावा न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी २०१२ साली लावला होता. ते निवृत्त न्यायाधीश होते आणि तेव्हा त्यांचे वय होते ८६. सरकारलासुद्धा हुकूम लागतो, तर दुकानातल्या पोराला आणि घरातल्या दिराला मोकळीक कोणी दिली?

आता फोन हातात घ्या. व्हॉट्सॲप उघडा. वर उजव्या कोपऱ्यात तीन टिंबे एकाखाली एक दिसतील. त्यांवर बोट ठेवा. उघडलेल्या यादीत ‘लिंक’ हा शब्द असलेली ओळ शोधा. तिथे तुमच्या फोनला जोडलेल्या यंत्रांची नावे येतात. तुम्ही न जोडलेले नाव दिसले, तर त्यावर बोट ठेवा आणि ‘लॉग आउट’ दाबा. ती किल्ली तिथेच मोडली. फोनला आकड्यांचे कुलूप लावा. ते आकडे दुकानदाराला सांगू नका. सुनेने आपला फोन स्वतःच तपासावा. मात्र घरात धाक असेल, तर किल्ली मोडल्याचे समोरच्याला कळते, हे ध्यानात ठेवून आधी विश्वासाच्या माणसाशी बोलावे.

कर्ज देणाऱ्या ॲपचेही असेच. काही ॲप कर्ज देण्याआधी तुमच्या फोनातली सगळी नावे आणि नंबर मागतात. हप्ता चुकला की त्याच नंबरांवर फोन करून नातलगांत तुमची अब्रू घेतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केला आहे की, कर्जाच्या ॲपने फोनातली नावांची यादी, फोटो किंवा कोणाला फोन केले त्याची नोंद पाहू नये. तेव्हा ॲपने नावांची यादी मागितली, तर ती ओळ सावकाश वाचा आणि परवानगी नाकारा. त्यावर ते ॲप चालेनासे झाले, तर ते फोनातून काढून टाका आणि कर्जासाठी बँकेत किंवा सोसायटीत चौकशी करा.